शेगडी, चिमणी आणि स्वयंपाकघरातील हवा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा परिसर आज देशातील प्रमुख औद्योगिक पट्ट्यांपैकी एक मानला जातो. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेचे १९८२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि पुढे उद्योगांचा विस्तार खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचला. कारखान्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडते यावर नियंत्रण ठेवण्यासाठी कायदे आहेत, यंत्रणा आहे. परंतु त्याच कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराच्या घरी, ओट्यावरील शेगडीपाशी उठणारा धूर कोठे जातो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरातील गृहिणीचा व तिच्याभोवती वावरणाऱ्या लहान मुलांचा मात्र या धुराशी रोजचा संबंध असतो.

चूल जाऊन गॅस आला म्हणजे धूर गेला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लाकूड व गोवऱ्यांच्या तुलनेत गॅसची ज्योत कितीतरी स्वच्छ असते, यात शंका नाही. तथापि गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि ज्वलन अपुरे राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. शिवाय फोडणी व तळण यांतून उठणारे तेलाचे सूक्ष्म कण इंधन कोणतेही असले तरी हवेत मिसळतातच. म्हणून शेगडी आणि तिचा धूर बाहेर नेणारी व्यवस्था यांची निवड एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.

मगन चुलीचा धडा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून चालत असे. तेथे विकसित झालेली ‘मगन चूल’ ही धुराड्यासह बांधावयाची चूल होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचे मोजमाप केले आणि स्वयंपाकघरातील प्रदूषण हा सार्वजनिक आरोग्याचा विषय म्हणून पुढे आला. केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला व २००२ मध्ये तो थांबविण्यात आला. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनेही, म्हणजेच आरतीने, या क्षेत्रात मोलाचे काम केले.

या प्रयत्नांतून एक धडा मिळाला. चूल उत्तम असली तरी धुराडे काजळीने बुजले, फुटले किंवा छपराच्या आतच संपले, तर धूर पुन्हा घरातच साठतो. धुराड्याची निगा राखणे हा चुलीच्या बांधणीइतकाच महत्त्वाचा भाग आहे. आजच्या विजेवर चालणाऱ्या चिमणीलाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

शेगडी कशी निवडावी

शेगडी घेताना प्रथम भारतीय मानक चिन्ह पाहावे. घरगुती एल.पी.जी. शेगडीसाठी ‘आय.एस. ४२४६’ हे मानक असून त्यानुसार शेगडीची उष्णता-कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. कार्यक्षमता जितकी अधिक तितका गॅस कमी लागतो, १४.२ किलोग्रॅमचे सिलिंडर अधिक दिवस पुरते आणि घरातील हवेवरचा भारही हलका होतो.

चार-पाच माणसांच्या कुटुंबास दोन किंवा तीन बर्नर सहसा पुरेसे होतात. बर्नरच्या संख्येपेक्षा त्यांमधील अंतराला अधिक महत्त्व द्यावे. एकीकडे भाकरीचा तवा व दुसरीकडे कुकर ठेवला असता दोन्ही भांडी एकमेकांना न अडता बसली पाहिजेत. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी पडू लागली किंवा भांड्यांचे बूड काळे होऊ लागले, तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजून बर्नरची सफाई व दुरुस्ती करून घ्यावी.

या परिसरातील अनेक वसाहतींत आता नळाद्वारे नैसर्गिक वायू येतो. समान आकारमानाच्या एल.पी.जी.मध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीच पट उष्णता असते. त्यामुळे नळाच्या गॅससाठी शेगडीतील नोझलचे छिद्र मोठे असावे लागते. हा बदल गॅस कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा. विजेवरील इंडक्शन शेगडीत ज्योत नसल्याने ज्वलनाचे वायू निर्माण होत नाहीत; मात्र भाकरी विस्तवावर फुगविता येत नाही आणि फोडणीचा धूर तर उठतोच.

शेगडीला साजेशी चिमणी

चिमणीची रुंदी शेगडीच्या रुंदीहून कमी असू नये. साधारणतः दोन बर्नरच्या शेगडीस ६० सेंटीमीटर आणि चार बर्नरच्या शेगडीस ७५ ते ९० सेंटीमीटर रुंदीची चिमणी योग्य होय. शेगडी व चिमणी यांमधील अंतर सुमारे ६५ ते ७५ सेंटीमीटर ठेवावे. निर्मात्याने वेगळे अंतर सांगितले असल्यास ते पाळावे. चिमणी फार उंच बसविली तर धूर बाजूने निसटतो आणि फार खाली बसविली तर ज्योतीची आच तिला लागते.

जाहिरातीत चिमणीची खेचण्याची शक्ती ताशी घनमीटरमध्ये दिलेली असते. ती समजून घेण्यासाठी एक साधे गणित करावे. ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद व २.८ मीटर उंच स्वयंपाकघरात २१ घनमीटर हवा मावते. तासाला निदान १० वेळा हवा बदलावी असे धरल्यास २१० घनमीटर हवा बाहेर जाणे आवश्यक ठरते. तळणाचे प्रमाण व नळीतील अडथळे लक्षात घेऊन याहून अधिक क्षमता घ्यावी हे खरे. तथापि केवळ मोठ्या आकड्याला भुलू नये. नळी लांब, अरुंद व वळणावळणाची असेल तर मोठी यंत्रेही निष्प्रभ होतात. नळी शक्य तितकी आखूड व सरळ ठेवून थेट मोकळ्या हवेत काढावी. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडणाऱ्या बंदिस्त डक्टमध्ये ती सोडणे म्हणजे आपला धूर दुसऱ्याच्या घरात पाठविणे होय.

नळीविना चालणारी, कोळशाच्या गाळणीची चिमणी वास व काही प्रमाणात तेल अडविते. परंतु ओलावा व कार्बन मोनॉक्साइड ती घरातच परत सोडते. गॅसच्या शेगडीसाठी तिच्यावर विसंबू नये. गाळणीवर साचलेले तेल आगीस निमंत्रण देते. म्हणून सहज काढून गरम पाण्याने व साबणाने धुता येईल अशीच गाळणी पसंत करावी.

जेवढी हवा बाहेर, तेवढीच आत

सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे आत येणारी हवा. दारे-खिडक्या बंद करून चिमणी चालविली तर तिला खेचण्यास हवा मिळत नाही व ती नुसता आवाज करते. याहूनही गंभीर धोका गॅस गिझरचा आहे. बंद घरात चिमणी गिझरचे विषारी वायू बाहेर जाऊ देण्याऐवजी घरात ओढू शकते. त्यामुळे चिमणी चालू असताना एखादी खिडकी किंचित उघडी असणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनेही स्वयंपाकघरास मोकळ्या जागेत उघडणारी निदान एक चौरस मीटरची खिडकी अपेक्षिली आहे.

एका खोलीचा संसार

चाकण परिसरातील गावांत अनेक कामगार एका खोलीत राहतात. तेथे महागड्या चिमणीची अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. शेगडी बाहेरच्या भिंतीलगत ओट्यावर ठेवून तिच्यावर, छताजवळ, एक्झॉस्ट पंखा बसविल्यास आणि समोरच्या बाजूस हवा येण्याची वाट ठेवल्यास कमी खर्चात पुष्कळ काम साधते. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ती जमिनीलगत साठते. म्हणून खाली जाळी असणेही हितावह. याउलट नळाचा गॅस हलका असल्याने छताकडे जातो. गॅसचा वास आल्यास धूर घालविण्याच्या विचाराने पंखा किंवा चिमणी कदापि सुरू करू नये; बटणाच्या ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून, घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. २०२१ मधील तिच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना शिधापत्रिका व पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्रावर जोडणी देण्याची तरतूद करण्यात आली. तरीही गॅस महाग पडतो म्हणून चुलीवर स्वयंपाक करणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी छपराच्या वर गेलेले व वेळोवेळी साफ केलेले धुराडे आजही तितकेच मोलाचे आहे.

गावाने काय करावे

ग्रामपंचायत सदस्यांनी भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्या घरमालकांना खिडकी व पंख्याची जागा ठेवण्यास प्रवृत्त करावे. शाळांतील पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीत मोठ्या भांड्यांखाली दीर्घकाळ विस्तव असतो. तेथील धूर बाहेर जातो की वर्गात येतो, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. अंगणवाडीतही हीच दक्षता हवी. विद्यार्थ्यांना निळ्या व पिवळ्या ज्योतीतील भेद शिकविला, तर तो त्याच दिवशी घराघरांत पोहोचेल.

चांगली शेगडी अन्न शिजविते व चांगली चिमणी धूर बाहेर नेते; पण दोन्हींना हवेची साथ नसेल तर खर्च वाया जातो. शेगडी, चिमणी व खिडकी या तिघींचा मेळ घालणे हे फार खर्चाचे काम नाही. त्याने रोज दोन वेळा घराचा स्वयंपाक करणाऱ्या हातांचे आरोग्य मात्र निश्चितपणे जपले जाईल.