गाठ बाभळीशी

सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात बांधावरची बाभूळ सहसा कुणी मुद्दाम लावलेली नसते. शेळ्या शेंगा खातात, लेंडीतून बी बांधाला पडतं, दोन पावसाळे कुणी हात लावला नाही की झाड उभं राहतं. पण तेच झाड जुनं झालं की त्याला मोल येतं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, नांगर बाभळीचा, तेलाचा घाणाही बाभळीचा. कुऱ्हाडीचा दांडाही तिचाच, म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. सुकलेल्या सागाचं लाकूड घनमीटरला साधारण 650 किलो भरतं, तर बाभळीचं 800 च्या आसपास. ओली आहे तोवर ती कापून घ्यावी. एकदा वाळली की कुऱ्हाड तिच्यावरून टणकन मागे येते.

आमच्या बांधावरची अशीच एक जुनी बाभूळ वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवी झाली आणि वर्षभर तशीच वाळत पडली. नव्या चेनसॉची पहिली परीक्षा तिच्यावरच घ्यायची ठरली. आंबा किंवा शेवरीवर कुठलीही मशीन शहाणी वाटते. तिची खरी किंमत कळते ती बाभळीवर, चिंचेवर, खैरावर.

मशीन मध्यम ताकदीची आहे, 50 सीसी इंजिन आणि 18 इंची बार. पेट्रोल आणि ऑइल भरल्यावर सहा-सात किलोची होते. इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला 20 मिलीलिटर. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी. ते ऑइल बारच्या खाचेतून चेनबरोबर फिरतं आणि सगळं बाहेर फेकलं जातं, त्यामुळे पेट्रोल भरताना ही टाकीही दर वेळी भरायची. सुरू करायची रीत ठरलेली आहे. मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत बुटाचं टोक, डावा हात पुढच्या मुठीवर, ब्रेक लावलेला, चोक ओढलेला, मग उजव्या हाताने दोरीला झटका. इंजिन एकदा भुर्रकन बोलून बंद पडलं की चोक सोडायचा आणि पुन्हा दोरी ओढायची. एका हातात मशीन लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढणारे पुष्कळ दिसतात. ते पाहून अंगावर काटा येतो.

शेजारच्या मळ्यातले आप्पा पाहायला आले होते. दोघांनी ओढायच्या करवतीवर त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. मशीनकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही, आधी खोडावरून हात फिरवला. बुंध्यापासून कमरेएवढ्या अंतरावर साल आडवी फुगली होती. "हितं तार हाय बगा आत. म्होरनं कापा," ते म्हणाले. बांधावरच्या बाभळीला काटेरी तार ठोकायची पद्धत जुनी आहे. झाड वाढतं आणि तार पोटात घेतं, वरून दिसतो तो फक्त सालीवरचा वळ. चेनचे दात त्या तारेला लागले असते तर मशीनचा पहिला दिवस तिथेच संपला असता. बुंध्याची साल पावसाने उडालेल्या मातीने भरलेली होती, तीही खरवडून काढली. वाळू आणि धार यांचं जमत नाही.

मग पहिला काप. पूर्ण रेस देऊन चेन लाकडाला टेकवली आणि हातांना पहिल्यांदा जाणवलं ते हे, की दाबायची गरजच नाही. बारच्या खालच्या बाजूने कापताना चेन मशीनला लाकडाकडे ओढते. मशीनच्या बुडाशी असलेले लोखंडी दात सालीत रुतवून मूठ हलके वर उचलत राहायची, बार आपला आपण खाली उतरतो. आधी काळसर सालीचा चुरा उडाला, मग बाहेरच्या लाकडाच्या फिकट पिवळ्या ढलप्या आणि मग गाभ्याच्या लालसर तपकिरी. गाभ्याला चेन भिडली तसा इंजिनाचा आवाज जड झाला. आंब्याच्या लाकडात ढलप्या मोठ्या आणि लांब पडतात, वाळल्या बाभळीत बारीक, कोरड्या आणि कडक. पण त्या ढलप्या होत्या, पीठ नव्हतं. बोटांत चिमूट धरली की कडा टोचत होत्या. ही खूण नीट लक्षात ठेवावी. धारदार चेन ढलप्या काढते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागलं, धूर दिसायला लागला, हात आपोआप दाबायला लागले की मशीन थांबवायची.

दुकानात मशीन घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती सीसी?" कठीण लाकडावर मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. इंजिन फक्त चेन फिरवतं. लाकूड कापतो तो दात.

या दाताचा इतिहास मशीनच्या इतिहासाहून मला मोठा वाटतो. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी चेनसॉ बनवली. 1927 मध्ये थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलच्या चेनसॉचा प्रयोग झाला, आणि त्याच डोंगराचं नाव पुढे ती बनवणाऱ्या कंपनीला मिळालं. श्टील यांची 1929 ची पेट्रोल मशीन 46 किलोची होती आणि तिला दोन माणसं लागत. एकट्याने चालवायची मशीन त्यांनी 1950 मध्ये आणली, तीही 16 किलोची. इंजिनं अशी हलकी होत गेली, पण सुरुवातीच्या चेनचे दात हातकरवतीसारखेच होते. लाकूड ओरबाडायचे, भुसा पाडायचे आणि लगेच बोथट व्हायचे.

अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाचे लाकूडतोडे होते. 1946 मध्ये जळण फोडताना त्यांना एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. अळीचे दोन जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वाकडे होते, आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं करत ती रेषांच्या आडव्या लाकडातूनही सहज वाट काढत होती. त्या जबड्यांवरून कॉक्स यांनी डाव्या-उजव्या वळणाचे दात आळीपाळीने बसवलेली चेन तयार केली आणि 1947 मध्ये ती विकायला काढली. आज जगातल्या बहुतेक चेनसॉवर त्याच दाताचा वंश आहे. माझ्या मशीनवरही तोच.

जवळून पाहिलं तर प्रत्येक दाताचे दोन भाग दिसतात. मागे वाकवलेलं पातं आणि पुढे एक छोटा उंचवटा. पात्याने किती खोल चावायचं ते हा उंचवटा ठरवतो. तो पात्याच्या कडेपेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असतो. जास्त खाली गेला की दात लाकडात अडकून मशीन झटके देते, फार वर राहिला तर चेन लाकडावर नुसती घासते. पात्यावर क्रोमियमचा पातळ मुलामा असतो. माझ्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. 30 अंशांचा कोन धरून, आतून बाहेर, एकाच दिशेने कानस मारायची आणि उचलून परत आणायची. सगळ्या दातांना सारखेच हात द्यायचे, नाहीतर काप एका बाजूला वळतो.

दुपारी सावलीत धार लावायला बसलो तेव्हा आप्पांनी कानस मागून घेतली. करवतीला धार लावण्यात त्यांचे हात मुरलेले. दातावर अंगठा आडवा फिरवून कुठे चमक राहिली आहे ते पाहिलं. बोथट कड उजेडात पांढरी चमकते, धारदार कड चमकत नाही. एका दाताला कानस लावून त्यांनी आवाज ऐकला आणि मग एका लयीत पुढे जात राहिले. नंतरचा काप सकाळच्या नव्या कोऱ्या चेनपेक्षा सरळ उतरला. मशीन आली म्हणून जुन्या माणसाचं कसब वाया गेलं असं मी आता म्हणणार नाही. खांद्यांचे कष्ट गेले, पण बोटांतलं कसब आजही तेवढंच लागतं.

आडव्या पडलेल्या झाडाचे ताण वेगळे असतात. आमची बाभूळ बांध आणि फांद्या अशा दोन टेकांवर तोलली होती, मधलं खोड अधांतरी. अशा वेळी वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणलेली. नुसतं वरून कापत गेलं तर काप मिटतो आणि बार आत अडकतो. म्हणून वरून एक तृतीयांश कापून प्लास्टिकची पाचर ठोकायची आणि मग खालून वर यायचं. खालून कापताना चेन मशीनला उलट आपल्या अंगावर ढकलते, म्हणून कोपर सरळ आणि अंगठा मुठीभोवती पक्का हवा.

सर्वांत मोठं भय मात्र बारच्या टोकाचं. टोकाचा वरचा चतकोर फांदीला किंवा दुसऱ्या ओंडक्याला लागला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत वर उसळते आणि चेहऱ्याकडे येते. चेन सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने धावत असते. पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक याच उसळीसाठी आहे. तो चालतो की नाही हे दररोज, काम सुरू करण्याआधी पाहायचं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आंबा, फणस, सुपारी, नारळ यांनी रस्ते भरून गेले आणि ते मोकळे करायला आपत्ती दलाच्या जवानांच्या हातात याच मशीन होत्या. नंतरच्या काळात त्या गावोगावी पोचल्या. मशीन पोचली याचा मला आनंदच आहे. काळजी वाटते ती चपला घालून, लुंगी खोचून, डोळ्यांवर काही न लावता ती चालवणाऱ्या पोरांची. चेनसॉची खास पॅन्ट मिळते. तिच्यातले चिवट धागे चेनमध्ये गुंतून तिला क्षणात अडवतात. कानांवर झाकण हवं, कारण आवाज 100 डेसिबलच्या वर असतो. हातमोजेही हवेत, कारण वर्षानुवर्षं कंप सोसून बोटं पांढरी आणि बधिर पडतात.

आणि उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आणि शहरांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. साग, खैर, ऐन, चिंच, आंबा, फणस आपल्या मालकीच्या रानात असले तरी मनाला येईल तेव्हा पाडता येत नाहीत.

मशीनबद्दल माझं मत चांगलं झालं आहे. दोघांनी ओढायच्या करवतीला जे काम दोन दिवस पुरलं असतं ते संध्याकाळच्या आत उरकलं. ओंडके रचून झाले, जाड खोड कुळव-दांड्यांसाठी सुताराकडे जायला बाजूला काढलं. तुम्हीही चेनसॉ घ्यायला जाल तेव्हा सीसी नंतर विचारा. आधी जादा चेन, योग्य मापाची कानस, हेल्मेट, पॅन्ट आणि बूट यांची किंमत विचारा. हे सगळं एकाच बिलावर बसत असेल तरच मशीन घरी आणा.