भंडाऱ्याच्या वाटा आणि ॲडव्हेंचर मोटारसायकल

ॲडव्हेंचर टूरिंग मोटारसायकल म्हणजे डांबरी रस्त्यावर दिवसभर चालवली तरी फार न थकवणारी आणि डांबर संपले तरी न अडणारी गाडी. या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. लांब पल्ल्यासाठी मोठी टाकी, आरामशीर सीट, वारा अडवणारी काच आणि वजनदार, स्थिर बांधणी हवी असते. खडकाळ किंवा चिखलाच्या वाटेला मात्र हलकेपणा, जमिनीपासूनची उंची आणि सस्पेन्शनची लांब हालचाल लागते. म्हणून या प्रकारची प्रत्येक गाडी ही तडजोडच असते. ती आपल्या बाजूला किती झुकवायची, हे मालक टायर, गार्ड, दिवे आणि बॅगा निवडताना ठरवत असतो.

बीएमडब्ल्यूने 1980 मध्ये आणलेली ‘आर 80 जी/एस’ ही या वर्गाची पहिली मोठी गाडी मानली जाते. पुढच्याच वर्षी पॅरिस-डाकार शर्यत या जातीच्या गाडीने जिंकली आणि मोठ्या इंजिनाची मोटारसायकलही वाळवंट पार करू शकते, हे लोकांना पटले. भारतात या वाटेवर सुरुवातीला हिरोची ‘इम्पल्स’ होती. 2011 मध्ये आलेली ही 150 सीसीची गाडी काळाच्या पुढची ठरली आणि बंद पडली. रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’ 2016 मध्ये आली आणि मध्यमवर्गीय खिशाला झेपेल अशी खरी टूरिंग गाडी प्रथमच मिळाली. 2019 मध्ये हिरोची ‘एक्सपल्स 200’ आणि 2020 मध्ये केटीएमची ‘390 ॲडव्हेंचर’ बाजारात आली. यातली केटीएम पुण्याजवळ चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होते. 2023 च्या अखेरीस ‘हिमालयन’ 452 सीसीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या नव्या इंजिनासह आली.

या गाड्यांच्या जाहिरातीत बर्फ आणि घाट दिसतात. भंडारा जिल्ह्यात दोन्ही नाहीत. तुमसर तालुक्यातल्या आंबागडकडच्या टेकड्या सोडल्या, तर वैनगंगेच्या दोन्ही काठांचा हा मुलूख बहुतेक सपाट आहे. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, बोड्या आणि मधे मधे जंगल, असे त्याचे रूप. तरीही ही गाडी इथे शोभेची ठरत नाही, कारण इथला रस्ता ऋतूप्रमाणे पार बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू झाली की चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेला गाळ थेट डांबरावर आणतात. वरून सर आली की त्या गाळाचा निसरडा थर होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी आडवी होऊ शकते. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॅंगनीज खाणींकडच्या रस्त्यांवर जड ट्रकांनी पाडलेले खड्डे आणि बारीक धूळ भेटते. दिवाळीच्या आगेमागे कापलेले धान काही ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच वाळत घातलेले असते.

मातीचा फरक तर दर काही किलोमीटरवर जाणवतो. बरडी ही मुरमाड जमीन. तिच्यावरून पाणी लवकर निघून जाते आणि पावसातही टायरला पकड राहते. कन्हार याच्या उलट. ती काळी, भारी आणि चिकट असते. कन्हारातल्या पांधण रस्त्यावर गाडी घातली की टायरच्या खाचा पहिल्या काही मिनिटांतच भरतात. त्यानंतर चाकाबरोबर माती वर चढते, टायर आणि मडगार्डच्या फटीत साचते आणि दाबली जाऊन घट्ट होते. फट बोटभरच असेल तर थोड्या वेळात पुढचे चाक फिरणेच थांबते. चालक ॲक्सिलरेटर वाढवतो, मागचे चाक जागेवर खड्डा करते, क्लच तापतो आणि जळका वास सुटतो. अशा वेळी खाली उतरून काडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने माती कोरून काढण्याला पर्याय नसतो. खऱ्या रानगाड्यांचा पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर उंच का बसवतात, हे कन्हारात एकदा गाडी रुतल्यावर लगेच कळते. म्हणून इथले काही चालक पावसाळ्यापुरता चाकालगतचा मडगार्ड काढून उंचावरचाच ठेवतात. पाण्याचे शिंतोडे अंगावर आणि रेडिएटरवर येतात, पण चाक मोकळे राहते.

टायरची निवड याच अनुभवातून होते. कंपनीकडून येणारे टायर सहसा डांबराकडे झुकलेले असतात. मोठ्या गाठींचे टायर माती लवकर झटकतात आणि मुरमावर चांगले धरतात. मात्र डांबरावर ते घोंगावतात, ओल्या वळणावर कमी पकड देतात आणि लवकर झिजतात. भंडाऱ्याहून नागपूरला रोज ये-जा करणाऱ्याचे बहुतेक किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग 53 वर पडतात. त्याने गाठींचे टायर घालणे म्हणजे वर्षातल्या दहा दिवसांसाठी उरलेले दिवस धोका पत्करणे. त्याच्यासाठी मधल्या प्रतीचे टायर बरे.

चाकाच्या मापाचाही विचार लागतो. ‘हिमालयन’ आणि ‘एक्सपल्स’ यांचे पुढचे चाक 21 इंचांचे आहे. ते खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावरून सहज चढते. अडचण पंक्चरला येते. तारांच्या चाकात रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असल्याने हवा धरायला आत ट्यूब लागते, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे 17-18 इंची ट्यूब हमखास मिळाली तरी 21 ची मिळेलच असे नाही. म्हणून जाणते चालक 21 इंची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप सीटखाली किंवा बॅगेच्या तळाशी ठेवतात. ‘हिमालयन 450’ ला नंतर ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय मिळाला, तो या दृष्टीने फार मोलाचा आहे.

चालवण्याचे तंत्र हा खर्चाशिवाय होणारा बदल आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. खडबडीत वाटेवर फूटरेस्टवर उभे राहून, गुडघे किंचित वाकवून चालवले की शरीराचे वजन सीटऐवजी पायांवर येते. गाडी खालून हवी तशी हलते आणि चालकाचा तोल सुटत नाही. मुरमावर पुढचा ब्रेक हलका आणि मागचा जास्त वापरायचा असतो. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. डांबरावर ते जीव वाचवते, पण सुट्या गिट्टीच्या उतारावर ते मागचे चाक धरू देत नाही आणि थांबायचे अंतर वाढते. बऱ्याच ॲडव्हेंचर गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आहे, ती यासाठीच. डांबरावर परतल्यावर ते पुन्हा सुरू आहे की नाही, हे पाहण्याची सवय हवी.

पाण्याच्या बाबतीत मात्र कौशल्याचा भरवसा धरू नये. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. दर पावसाळ्यात नाल्यांवरचे रपटे बुडतात. वाहते पाणी दोन्ही चाकांना आणि इंजिनाला बाजूने रेटते. पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी वेग असेल तर दोनशे किलोची गाडी सरकते. त्यात रपट्याची कड दिसत नाही आणि खालचा स्लॅब खचला असेल तर तेही कळत नाही. इथे थांबणे हाच एक बरोबर निर्णय आहे.

साहित्याकडे वळताना वजनाचा हिशेब आधी मांडावा लागतो. 411 सीसीची ‘हिमालयन’ मुळातच सुमारे 199 किलोची होती. तिला लोखंडी क्रॅशगार्ड, मागे सॅडल-स्टे, दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या, वर टॉपबॉक्स आणि बाजूला पेट्रोलचा कॅन लावला की सामान भरण्याआधीच तीसेक किलो वाढू शकतात. हे वजन बहुतेक मागे आणि उंचावर बसते. त्यामुळे पुढचे चाक हलके होते, हँडल वेगात डगमगू लागते आणि चिखलात पडलेली गाडी एकट्याने उचलणे अशक्य होते. भंडारा जिल्ह्यात पेट्रोल पंप इतके दूर नाहीत की कॅन बाळगावा. इथल्या वाटांसाठी इंजिनाखालची बॅशप्लेट, हँडगार्ड आणि एक हलका क्रॅशगार्ड एवढे पुरते. बॅशप्लेट दगड आणि उखडलेल्या गिट्टीपासून इंजिनाचा तळ वाचवते. हँडगार्डमुळे गाडी पडली तरी क्लचचा दांडा मोडत नाही आणि जंगलवाटेवरच्या बांबूच्या फांद्या बोटांवर येत नाहीत. कडक पेट्यांपेक्षा कापडी सॅडलबॅग हलक्या असतात, आणि गाडी पडल्यावर पाय त्यांच्याखाली सापडला तरी इजा कमी होते.

जादा दिवे ही इथली खरी गरज आहे. कोका अभयारण्याकडचा किंवा साकोलीहून नागझिऱ्याकडचा रस्ता अंधारात रानडुकरे आणि चितळ आडवे जाण्याचा आहे. हे दिवे लावताना बहुतेक बिघाड वायरिंगमध्ये होतो. प्रत्येकी 40 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साडेसहा अँपिअरहून जास्त वीज ओढतात. मिस्त्री घाईत असेल तर तो मूळ हेडलाइटच्या वायरीची कातडी सोलतो, नवी वायर पिळून जोडतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. पहिल्या पावसात टेपच्या आत पाणी शिरते, तांबे हिरवे पडते, जोड तापतो आणि एके रात्री मुख्य हेडलाइटच जातो. बरोबर पद्धत म्हणजे बॅटरीवरून थेट वेगळी वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज, मधे रिले आणि हँडलवर फक्त रिले चालवणारे बटण. जोड पाणी न शिरणाऱ्या कनेक्टरचे हवेत. दिव्यांचा झोत खाली आणि किंचित डावीकडे ठेवावा. समोरून सायकलवर येणाऱ्या शेतकऱ्याला आंधळे करणारा दिवा कितीही महाग असला तरी चुकीचाच लावलेला असतो.

मे महिन्यात या भागात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा हवा त्वचेपेक्षा गरम असते, म्हणून नुसत्या वाऱ्याने शरीर थंड होत नाही, घाम सुकल्यानेच होते. याच कारणाने शर्ट उघडा टाकून गाडी चालवणारा लवकर कोरडा पडतो. जाळीचे जॅकेट आणि आत ओला केलेला सुती बनियन हा उपाय चांगला चालतो. याच उष्णतेने टायरमधला दाबही वाढतो, म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असतानाच मोजावी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला इथे आणखी एक त्रास आहे. रोवणीच्या दिवसांत रेडिएटरच्या बारीक पात्यांत गाळ बसतो, सुकतो आणि पंखा सतत फिरू लागतो. तो गाळ हलक्या धारेने, मागच्या बाजूने पाणी सोडून काढावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

कायद्याची मर्यादा बहुतेकांना दंड झाल्यावर कळते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बॅगा, सीटचे कव्हर, मोबाइल होल्डर यांनी मूळ रचना बदलत नाही. इंजिनाची क्षमता किंवा चासी बदलणे ही वेगळी गोष्ट आहे. सायलेन्सर काढून मोकळ्या आवाजाचा बसवणे आवाज-प्रदूषणाच्या कलमात येते. नागझिऱ्याच्या वेशीवरच्या गावांतून तसा आवाज करत जाणे कायद्याबरोबर माणसांचा आणि जनावरांचाही अपराध आहे. विम्याचेही पाहावे लागते. जादा दिवे आणि विजेची उपकरणे पॉलिसीत वेगळी नोंदवून हप्ता भरला नसेल, तर अपघातानंतर त्यांची भरपाई मिळत नाही.

जिल्ह्यातून एका दिवसात होणाऱ्या फेऱ्या भरपूर आहेत. भंडाऱ्याहून पवनीमार्गे गोसीखुर्द धरण, तुमसरहून चांदपूर आणि पुढे बावनथडीवरचा राजीव सागर, लाखनी-साकोलीहून शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध. अभयारण्यांच्या आतल्या सफारीत मोटारसायकलला प्रवेश नाही, त्यामुळे गाडी वेशीवर ठेवूनच पुढे जावे लागते. लेह-स्पितीची मोहीम करायची असेल तर काही जण नागपूरहून गाडी रेल्वेने उत्तरेला पाठवतात. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि नोंदणीची कागदपत्रे दाखवावी लागतात.

पावसाळा संपल्यावरची सर्व्हिस इथे इतर कोणत्याही सर्व्हिसपेक्षा महत्त्वाची ठरते. चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि स्विंगआर्मच्या सांध्यांत शिरलेले पाणी ग्रीस धुऊन नेते. चेनच्या कड्यांत अडकलेला गाळ तेलाबरोबर मिसळून दातेरी चकत्या घासतो. ब्रेकच्या कॅलिपरमधले सरकते दांडे गंजले असतील तर पॅड एका बाजूने झिजतात. नोव्हेंबरात मळणी सुरू झाली की धानाची कूस आणि कोंडा हवेत असतो आणि एअर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो. मालकपुस्तिकेत दिलेला फिल्टरचा अवधी स्वच्छ रस्त्यांसाठी असतो. मळणीच्या दिवसांत तो निम्म्यावर आणून फिल्टर उघडून पाहावा आणि राइस मिलच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने त्याहूनही आधी.