'ब्रीडर्स' : मुलं झोपल्यावर आई-बाबांनी बघायची वेब सिरीज



आज निबंध नाही, पत्रलेखन नाही. आज थोडं तुमच्याशीच बोलायचंय.

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, ओरडल्याशिवाय ऐकतच नाही हो हा!" मी समजूतदारपणे मान हलवते. पण खरं सांगू का, त्याच सकाळी मीही घरी वेणी घालताना लेकीवर ओरडून आलेली असते. म्हणूनच 'ब्रीडर्स' ही ब्रिटिश विनोदी मालिका मला इतकी जवळची वाटली. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ मध्ये चार सीझन होऊन संपली.

नावाचा अर्थ सरळ आहे, पैदास करणारे! आई-बाप या शब्दांना आपण जी पवित्र झालर लावतो ती इथे नावापासूनच काढून टाकली आहे. लंडनमधलं एक जोडपं, पॉल आणि अ‍ॅली. त्यांची दोन मुलं, ल्यूक आणि एव्हा. पॉलचं काम केलंय मार्टिन फ्रीमनने ('शेरलॉक'मधला डॉ. वॉटसन आठवतोय ना, तोच) आणि अ‍ॅली झाली आहे डेझी हॅगार्ड. ही मालिका घडवणाऱ्या तिघांपैकी एक फ्रीमन स्वतःच आहे.

सुरुवातच बघा. वरच्या खोलीत मुलांचा दंगा चाललाय. जिना चढताना पॉल स्वतःला बजावतोय, शांत राहायचं, चिडायचं नाही. दार उघडतो आणि अशी काही शिवीगाळ करतो की आपण दचकतो, आणि लगेच हसतो. शाळेत आपण शिकवतो ना, विसंगतीतून विनोद निर्माण होतो? बोलणं एक आणि वागणं भलतंच. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी देता आलेलं नाही. (हे तर वर्गात देताच येणार नाही म्हणा!)

पहिल्या सीझनमध्ये आपण हसतो, कारण आपण बापाच्या बाजूने बघत असतो. झोप नाही, कामाचा ताण, त्यात म्हातारे आई-वडील. सगळं पटतं. खरी गंमत दुसऱ्या सीझनपासून आहे. मधली काही वर्षं गाळून कथा एकदम पुढे जाते. ल्यूक आता १३ वर्षांचा आहे आणि त्याला सतत कसली ना कसली धास्ती वाटते. ज्या आरडाओरड्यावर आपण हसलो, तो कुणाच्या तरी कानांवर रोज पडत होता, हे तेव्हा लक्षात येतं. थोडं पुढचं सांगावंच लागेल: एके दिवशी हा मुलगा बापाला ठोसा मारतो. तिसरा सीझन सुरू होतो तेव्हा पॉल घर सोडून चक्क सासूबाईंकडे राहायला गेलेला असतो.

मला हे आवडलं, कारण बापाला इथे खलनायक केलेलं नाही. त्याचं मुलांवर जिवापाड प्रेम आहे. पण प्रेम आहे म्हणून राग माफ, असंही मालिका म्हणत नाही. आपल्याकडे कसं, "तुझ्या भल्यासाठीच ओरडतो" म्हटलं की विषय संपला! इथे तो तिथून सुरू होतो.

तक्रारही आहे. काही भागांत सगळेच एकमेकांना इतके टोचून बोलतात की दमायला होतं. सलग बघू नका, रोज एखादा भाग पुरे. अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपतो. आणि थेट चौथ्या सीझनवर उडी मारू नका. मुलं लहान असतानाचा पॉल बघितला नसेल तर मोठ्या झालेल्या ल्यूकचं वागणं कळणारच नाही.

एक सूचना मात्र बाई म्हणून करते. ही मालिका मुलांसोबत बघायची नाही. शिव्या भरपूर आहेत, तेव्हा हेडफोन लावा. भिंतीपलीकडे कोण जागं आहे, ते आपल्याला कुठे माहीत असतं!