बुबुळे आपोआप हलतात तेव्हा

नजर एका जागी स्थिर राहत नाही तेव्हाची ही गोष्ट. आपण मनात आणलेले नसताना बुबुळे लयीत हलत राहतात, त्याला वैद्यकात निस्टॅग्मस म्हणतात. दरवेळी तो आजार असतो असे नाही. धावत्या रेल्वेत खिडकीशी बसलेल्या सहप्रवाशाचे डोळे पाहा. विजेच्या खांबामागोमाग बुबुळ सावकाश मागे सरकते आणि झटक्यासरशी पुढे येऊन नवा खांब पकडते. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

संथ सरकणे आणि मग झटका, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात दोन्हीकडची गती सारखी असते, घड्याळाच्या लंबकासारखी. पहिल्या प्रकारात डॉक्टर दिशा सांगतात ती झटक्याची, कारण झटका चटकन दिसतो. खरा बिघाड मात्र संथ सरकण्यात असतो. झटका ही मेंदूने केलेली दुरुस्ती. एवढे ध्यानात घेतले की वर्गीकरणातला निम्मा गुंता सुटतो.

हे सरकणे येते कुठून? व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत, तेव्हा काहींना गरगरायचे आणि बुबुळे हलायची. पाणी फार गार आहे, अशी एकाने तक्रार केली. पुढच्या वेळी ते जास्तच गरम झाले. पुन्हा चक्कर आली, पण झटके उलट्या दिशेने! बारानींनी यातून अर्थ काढला: आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव गारव्याने खाली उतरतो, उष्णतेने वर चढतो. डोके फिरते आहे असे समजून मेंदू त्या हिशेबाने डोळे सरकवतो. १९१४ सालचे नोबेल त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते. कानात गार-गरम पाणी सोडून बुबुळांचे झटके पाहण्याची त्यांची तपासणी आजही केली जाते.

जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत दिसू लागणारा निस्टॅग्मस वेगळा. अशा मुलांना जग सहसा हलताना दिसत नाही. ज्या कोनात बुबुळे सर्वांत कमी हलतात, त्या कोनात ती मान वळवून पाहतात. म्हणून ‘मान सरळ ठेव’ असे त्यांना दटावू नका. तसे बघितल्यानेच त्यांना नीट दिसते. मात्र जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा दोष यामागे असू शकतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई नको.

मोठ्या वयात निस्टॅग्मस नव्याने सुरू झाला, तर समोरचे सगळे हलताना दिसते. कानाच्या बिघाडात झटके बहुधा एकाच बाजूला असतात आणि नजर कशावर तरी रोखली की कमी होतात. निव्वळ वर किंवा खाली जाणारे, किंवा नजर फिरवली की दिशा बदलणारे झटके मेंदूकडे बोट दाखवतात. दारू आणि फिनिटॉइनसारखी फिट्सची औषधेही डोळे असे हलवतात, म्हणून चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना जरूर दाखवा.

घरात कुणाची बुबुळे अशी हलताना दिसली, तर मोबाइलवर जवळून व्हिडिओ काढा. तपासणीच्या वेळी ती हलतीलच असे नाही. सोबत बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा तोल जात असेल, तर व्हिडिओत वेळ घालवू नका, तडक मोठ्या रुग्णालयात न्या.