टाकीत अडीच ग्रॅम, चंद्रापलीकडे मालगाडी

शिरपूरच्या पंपावर मुंबई-आग्रा हायवेवरचा ट्रक 300 लिटर डिझेल भरून घेतो. वजन साधारण 250 किलो. त्यात गंधक किती? फार तर अडीच ग्रॅम! 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चा नियमच तसा आहे. लाख रुपयांच्या थप्पीत फक्त एक रुपया गंधकाचा. बीएस-4 मध्ये पाच रुपये चालायचे, बीएस-3 मध्ये पस्तीस. आणि 1990 च्या सुमाराला? लाखात चक्क हजार! त्याच टाकीत अडीच किलो गंधक, आणि त्याचा धूर रस्त्याकडेच्या माणसांच्या छातीत.

मग आता हे गंधक जातं कुठे? रिफायनरीत पकडलं जातं. हायड्रोजन त्याला तेलातून ओढून काढतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि क्लॉस प्रक्रियेतून पिवळंधमक गंधक हाती येतं. रसायनशास्त्र एवढंच पुरे, खरी गंमत आकड्यांत आहे.

आपल्या देशातल्या रिफायनऱ्या वर्षाला सुमारे 26 कोटी टन कच्चं तेल गाळतात. आखाती तेलात गंधक दोन-तीन टक्केही असतं, पण आपण हात आखडून एकच टक्का धरू. झालं 26 लाख टन! साडेतीन हजार टनांची एक मालगाडी, तर वर्षाला 740 गाड्या. रोज दोन, दिवाळीलाही सुट्टी नाही.

आणि हे झालं विहिरीतून वर येणारं तेल. अमेरिकेत कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंगमध्ये ग्रीन रिव्हर नावाचा दगड आहे, तेलाचा दगड! तो 500 अंशांच्या आसपास तापवला की तेल सुटतं. अंदाज आहे 4 लाख कोटी पिंपांचा. एका पिंपात 159 लिटर. आपली 20 फूट रुंद, 40 फूट खोल विहीर घ्या, काठोकाठ भरा. अशा पावणेदोनशे कोटी विहिरी! भारतातल्या प्रत्येक माणसाला एक देऊनही उरतील. ते सगळं तेल कधीच निघणार नाही, पण हिशेब तर करून बघू.

या तेलात अर्धा टक्का गंधक धरा. 280 कोटी टन! आठ लाख मालगाड्या! नरडाणा स्टेशनात उभं राहून दर दहा मिनिटांनी एक गाडी सोडली, रात्रंदिवस, तर शेवटची सुटायला पंधरा वर्षं लागतील. एकीला एक जोडत गेलात तर रांग सव्वापाच लाख किलोमीटरची. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, म्हणजे साडेतीन हजार वेळा! चंद्र आहे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. इंजिन चंद्र ओलांडून पुढे गेलं तरी गार्डाचा डबा इथेच!

रिफायनरीतल्या गंधकाचं बरंचसं सल्फ्युरिक ॲसिड होतं, आणि त्यातून खत. सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या गोणीत साधारण साडेपाच किलो गंधक असतं. तेवढंच आजच्या डिझेलमधून गोळा करायचं, तर डिझेलच्या जवळजवळ दोन विहिरी उपसाव्या लागतील.