सोबत आलेल्यांचा केसपेपर

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सोमवारी सकाळी लागलेली रांग पाहिली, तर वयस्कर रुग्ण सहसा एकटा आलेला नसतो. व्हीलचेअर ढकलणारी सून असते, काखेत हात घालून उभे करणारा मुलगा असतो, नाहीतर जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून आलेली, स्वतःच पासष्टी ओलांडलेली पत्नी असते. डॉक्टर रुग्णाचा रक्तदाब पाहतात, साखर पाहतात, एखादी गोळी बदलतात. सोबतच्या बाईंना सलग झोप कधी मिळाली होती, त्यांची स्वतःची रक्तदाबाची गोळी चालू आहे की बंद पडली, कंबर किती दुखते, हे कोणी विचारत नाही. त्यांचा केसपेपरच निघालेला नसतो.

घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असणे म्हणजे नेमके काय काम असते, हे बाहेरच्याला कळत नाही. पक्षाघातानंतर ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, नितंब, टाचा इथे जखमा होतात. हवेची गादी आणली की हे काम संपले, असा अनेकांचा समज असतो. गादीने मदत होते, पण कूस बदलावीच लागते. दोन तासांचा हिशेब रात्रीही चुकत नाही. म्हणजे करणाऱ्याची झोप तुकड्यातुकड्यांची. शिवाय भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, चादरी धुणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे. पन्नास किलोच्या बाईने सत्तर किलोचा माणूस रोज चार वेळा उचलला, तर तिच्या मणक्याचे काय होणार, हे सांगायला एक्स-रे लागत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी उचलाउचल कमी असेल, पण तिथला त्रास वेगळा. तोच प्रश्न दिवसात पन्नास वेळा. संध्याकाळ झाली की ‘मला घरी सोडा’ म्हणून दाराशी जाणे. ज्या मुलीने नोकरी सोडली, तिच्यावरच पैसे चोरल्याचा आळ. हा आजार बोलतो आहे, माणूस नव्हे, हे डोक्याला कळते; मनाला रोज नव्याने समजवावे लागते.

याचा शरीरावर परिणाम होतो का? अमेरिकेत ६६ ते ९६ वयाच्या जोडप्यांची चार वर्षे पाहणी करून १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या व्यक्तींमध्ये मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. सेवा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. घातक ठरतो तो ताण, आणि ताण कमी करता येतो.

कसा, याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने एक प्रशिक्षित कार्यकर्ती नियमित जात असे. ती डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. स्थानिक, घरच्यांची भाषा बोलणारी. आजार काय आहे हे ती समजावून सांगे, रुग्ण चिडला तर काय करायचे ते दाखवे, इतर नातेवाइकांनी थोडा भार उचलावा म्हणून त्यांच्याशी बोले, सरकारी योजनांची माहिती देई. तिच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होते. रुग्णाचा आजार त्यामुळे मागे हटला नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले.

याच्या शेजारी दुसरा एक भारतीय अभ्यास ठेवून पाहावा. पक्षाघातानंतर घरच्या माणसालाच व्यायाम आणि पुनर्वसनाचे शिक्षण द्यायचे, म्हणजे फिजिओथेरपिस्टची उणीव भरून निघेल, अशी कल्पना होती. देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ती तपासली गेली. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. हे दोन अभ्यास वेगळ्या आजारांचे आहेत, त्यांची थेट तुलना करू नये. तरी धोरण आखणाऱ्यांना त्यातून एक इशारा घेता येईल. घरच्यांना आणखी एक काम शिकवणे आणि घरच्यांच्या मदतीला माणूस पाठवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याकडे पहिली स्वस्त पडते म्हणून तीच पुन्हा पुन्हा सुचवली जाते.

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक एक कोटीच्या वर होते. त्यांच्यासाठी सोयी अजिबात नाहीत, असे म्हणता येणार नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष अपेक्षित आहे. अंथरुणावरच्या ज्येष्ठांना घरी जाऊन पाहणे आणि घरच्यांना शुश्रूषेचे प्रशिक्षण देणे हेही त्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. गावच्या उपकेंद्रात जाऊन हे मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे. मागितले तर निदान सिस्टर एकदा घरी येऊन जखम पाहतील. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात, पण ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ३,००० रुपये मिळतात. त्यातून वॉकर किंवा कमोड खुर्ची येते. कमोड खुर्ची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण रात्री तीनदा संडासापर्यंत धरून नेणे वाचते.

नाही ती एकच गोष्ट: सुट्टी. चार तास, एक दिवस, वर्षातून आठ दिवस कोणीतरी भरवशाचे माणूस रुग्णापाशी थांबेल आणि सुनेला माहेरी जाऊन येता येईल, अशी सरकारी सोय जवळपास कुठेच नाही. ब्यूरोच्या मावशी ठेवणे मध्यमवर्गालाही जड जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे मोजकी, तीही मोठ्या शहरांत. महापालिकांची विरंगुळा केंद्रे चांगली आहेत, पण ती पायी येऊ शकणाऱ्यांसाठी. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये साठी-पासष्टीचे धडधाकट सभासद पुष्कळ असतात. सहलीच्या यादीबरोबर त्यांनी आपल्या वॉर्डातल्या अंथरुणावरच्या सभासदांची यादी केली आणि आळीपाळीने दोन-दोन तास जाऊन बसायचे ठरवले, तर त्याला निधी लागणार नाही.

तोवर घरात काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. भावंडांनी ‘काही लागले तर सांग’ असे फोनवर म्हणण्याऐवजी वार वाटून घ्यावेत. लांब राहणाऱ्याने मावशींचा पगार उचलावा. उचलण्याची योग्य पद्धत डिस्चार्जच्या आधी वॉर्डातच फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी. काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या गोळ्या आणि तपासण्या थांबवू नयेत. सतत रडू येणे, भूक मरणे, रुग्णावर हात उगारावासा वाटणे, ‘आता सुटका व्हावी’ असे मनात येणे, ही दमलेल्या मेंदूची लक्षणे आहेत. त्यांची लाज वाटून घेऊ नये, पण अंगावरही काढू नयेत. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अशा वेळी मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या योजना, वृद्धाश्रम किंवा छळाच्या तक्रारीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

आणि ओपीडीतल्या डॉक्टरांसाठी: प्रिस्क्रिप्शन लिहून झाल्यावर सोबतच्या व्यक्तीकडे मान वळवून ‘तुम्ही झोपता का?’ एवढे विचारायला अर्धा मिनिट पुरतो. उत्तर नकारार्थी आले, तर तिथेच रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला लावावा.