बँडविड्थ खर्चून वेळेची बचत

मेट्टूर धरणातून कावेरीचे पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून (साठ्याअभावी अनेक वर्षी ती हुकली आहे). हे पाणी तंजावरच्या शिवाराला वळवणाऱ्या कल्लणै बंधाऱ्यापाशी पोहोचण्यास साधारणतः तीन-चार दिवस लागतात. पुढचे कालवे रुंद केले, तर दर सेकंदाला अधिक पाणी मिळेल. वाटेतले हे दिवस मात्र टळणार नाहीत.

संगणकजाळ्यातही या दोन राशी भिन्न आहेत. दर सेकंदाला किती माहिती वाहते ती बँडविड्थ. मागणी केल्यापासून उत्तर येईपर्यंतचा काळ म्हणजे लेटन्सी अर्थात विलंबकाल. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते तंजावर हे सरळ अंतर अकराशे किलोमीटरांहून थोडे अधिक. म्हणजे जाऊन-येऊन किमान ११ मिलिसेकंद लागणारच; प्रत्यक्षातील वळणावळणांची केबल व वाटेतील उपकरणे त्यात भर घालतात. बँडविड्थ पैसे देऊन वाढवता येते, प्रकाशाचा वेग नाही. म्हणून स्वस्त घटक अधिक खर्चून दुर्मीळ घटक वाचवायचा, हा अर्थशास्त्रातील प्रतिस्थापनाचा नियम येथे कामी येतो.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीची मोडी कागदपत्रे आहेत. असे समजू की, पुण्यातील अभ्यासक त्यांची छायाचित्रे जाळ्यावरून पाहत आहे. तो पहिले पान वाचत असतानाच आज्ञावलीने पुढची तीन पाने मागवून ठेवली, तर पान उलटताना त्याला थांबावे लागत नाही. परंतु दुसऱ्या पानावरच त्याने वाचन सोडले, तर उरलेल्या दोन पानांची बँडविड्थ वाया गेली. अंदाज किती वेळा खरा ठरतो, यावर सौद्याचा नफा-तोटा अवलंबून आहे.

१९८४ मध्ये जॉन नेगल यांनी याच्या उलट सौदा सुचवला होता. टंकलिखित एका अक्षरासाठी एक बाइट माहिती आणि तिच्यावर पत्त्यादी तपशिलाचे ४० बाइट, ही उधळपट्टी टाळण्यासाठी आधीची पोच येईपर्यंत अक्षरे साठवून एकत्र पाठवावीत, असा तो उपाय. यात बँडविड्थ वाचते, पण वेळ जातो. त्यामुळेच तत्काळ प्रतिसाद हवा असलेल्या आज्ञावल्यांत ही सोय आज बहुधा बंद ठेवली जाते.

सर्वांत बोलके उदाहरण २०१३ चे आहे. गूगलमधील जेफ्री डीन व लुईझ बारोसो यांनी एका चाचणीची नोंद दिली. उत्तर १० मिलिसेकंदांत न आल्यास तीच मागणी दुसऱ्या सर्व्हरकडेही पाठवायची आणि आधी येईल ते उत्तर घ्यायचे. हजारात एखाद्या वेळी सोसावा लागणारा १८०० मिलिसेकंदांचा विलंब त्यामुळे ७४ वर आला; मागण्या वाढल्या अवघ्या २ टक्क्यांनी. प्रत्येक मागणी सुरुवातीपासूनच दुप्पट केली असती, तर खर्च शंभर टक्क्यांनी वाढला असता. थोडे थांबून पाहण्यातच येथे शहाणपण होते.

मात्र हा खर्च स्वतःच्या केंद्रातील कंपनीने केला होता. मोबाइलचा मोजका डेटा वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या फोनवर न मागितलेली पाने आली, तर निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याचा आणि भुर्दंड विद्यार्थ्याचा! शिवाय एकाच मनोऱ्यावरील सर्वांनी मागण्या दुप्पट केल्या, तर रांगा वाढून प्रत्येकाचाच विलंब वाढतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. कालव्याच्या वरच्या अंगाला गरजेपेक्षा जास्त पाणी उचलले, की टेलच्या शेतकऱ्याची पाळी लांबते, तसेच हे आहे.